‘फेल’ या एका शब्दावर भागत नाही

संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणाऱ्यांत एक सॉफ्टवेअरमधली मुलगी होती. मराठी माध्यमात शिकलेली, कामात चोख. एकदा तिनं परदेशातल्या ग्राहकाला दोन ओळींचा ईमेल पाठवला. त्यातली पहिली ओळ होती, ‘अवर टेस्टिंग हॅज फेल्ड.’ झालं होतं एवढंच, की एक सर्व्हर बंद पडल्यानं चाचणी दोन दिवस पुढे ढकलावी लागणार होती. पण ते वाक्य वाचून तिकडे एकच धावपळ उडाली, तातडीची मीटिंग लागली आणि तिच्या वरिष्ठांना रात्री उशिरापर्यंत खुलासे करत बसावं लागलं. दुसऱ्या दिवशी वर्गात आली ती रडवेली होऊन. मी तिला विचारलं, “हेच तू घरी आईला कसं सांगितलं असतंस?” ती चटकन म्हणाली, “अगं, सगळं नीट चाललं होतं, मध्येच माशी शिंकली.”

तिला जे म्हणायचं होतं, ते इंग्रजीत जवळजवळ तसंच म्हणता येतं: ‘वी हॅव हिट अ स्नॅग.’ स्नॅग म्हणजे नदीत पाण्याखाली दडलेलं झाडाचं खोड किंवा फांदी. होडी बुडत नाही, फक्त अडते. खोड बाजूला केलं की पुढे जाते. ग्राहकाला हा एक शब्द दिसला असता, तर त्यानं ‘किती वेळ लागेल?’ एवढंच विचारलं असतं.

म्हणजे नेमका विचार तिच्याकडे होता, नेमका मराठी वाक्प्रचारही होता. अडलं ते इंग्रजीत जाताना. तिथे तिला ‘फेल’ सोडून दुसरा शब्द सुचला नाही. हे आपल्यापैकी अनेकांचं होतं आणि त्याला आपली शब्द शिकण्याची रीत कारणीभूत आहे. इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडला की फेल्युअर, फियास्को, डिबाकल, फ्लॉप या सगळ्यांपुढे फिरून फिरून ‘अपयश’ येतं. डिफिकल्टी, हार्डशिप, ॲडव्हर्सिटी, ऑर्डील यांच्यापुढे ‘अडचण’ नाही तर ‘संकट’. शब्द पाठ होतात, पण कुठला कुठे वापरायचा हे कळत नाही.

आता आपली रोजची मराठी पाहा. बोलणी फिसकटतात, योजना बारगळते, कार्यक्रमाचा फज्जा उडतो, व्यवस्थेचा बोजवारा उडतो, धंद्याचं दिवाळं निघतं, गणितात दांडी उडते. या सगळ्यांना कुणी एकाच मापानं मोजत नाही. सभेचं दिवाळं निघालं किंवा दुकान फिसकटलं असं कुणीही म्हणणार नाही. कोणत्या प्रकारचं अपयश आहे हे क्रियापदच सांगतं. म्हणून माझं सांगणं असं, की इंग्रजी शब्दापासून मराठी अर्थाकडे जाऊ नका. मराठी क्रियापदापासून निघा आणि त्याचा इंग्रजी जोडीदार शोधा. (इथे इंग्रजी शब्द देवनागरीत देतो आहे. त्यांची स्पेलिंग तुम्ही स्वतः शब्दकोशात शोधा. शोधून पाहिलेलं स्पेलिंग आयत्या मिळालेल्यापेक्षा जास्त दिवस टिकतं.)

फिसकटण्यापासून सुरुवात करू. जमत आलेली गोष्ट शेवटच्या टप्प्यावर मोडली, तर इंग्रजीत ती ‘फॉल्स थ्रू’. घराचा व्यवहार, ठरत आलेलं लग्न, भागीदारीचा करार, सगळ्यांना हे चालतं. बारगळणं वेगळं. त्यात मोडतोड नसते, जोर हळूहळू ओसरतो. त्याला ‘फिझल आउट’ म्हणतात. मोठा गाजावाजा झाला आणि प्रत्यक्षात काहीच घडलं नाही, तर इंग्रज त्याला ‘डॅम्प स्क्विब’ म्हणतो, म्हणजे ओला फटाका. आपण फुसका बार म्हणतो. चित्र तेच आहे. फज्जा म्हणजे फियास्को: चारचौघांत, ढिसाळपणामुळे झालेली फजिती. बोजवाऱ्यासाठी ‘शॅम्बल्स’ आहे. शॅम्बल्स म्हणजे पूर्वी खाटकांच्या मांसविक्रीच्या फळ्या, मग मांसबाजार, मग कत्तलखाना आणि शेवटी कोणताही विस्कटलेला गोंधळ. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात ‘द शॅम्बल्स’ नावाची जुनी अरुंद गल्ली आजही आहे. तिथे खाटकांची दुकानं असत. ‘द ॲडमिशन प्रोसेस वॉज अ शॅम्बल्स’ हे वाक्य लिहिताना ती गल्ली डोळ्यांपुढे आणली, तर शब्द पुन्हा पाठ करावा लागत नाही.

इंग्रजी वृत्तपत्रं वाचणाऱ्यांचीही एका जोडीत हमखास गल्लत होते: फ्लाउंडर आणि फाउंडर. दोन्ही क्रियापदं, दोन्ही पाण्याशी जोडलेली, उच्चारात एका अक्षराचा फरक. फ्लाउंडर म्हणजे गटांगळ्या खाणं. माणूस अजून वर आहे, हातपाय मारतो आहे, वाचूही शकतो. फाउंडर म्हणजे बुडून तळाला जाणं. त्याच्या मुळाशी तळ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. ‘द कंपनी इज फ्लाउंडरिंग’ असं वाचलं तर कंपनी अडचणीत आहे, गुंतवणूकदारानं सावध राहावं. ‘द कंपनी फाउंडर्ड’ वाचलं तर सावध राहण्याची वेळ निघून गेली. गटांगळ्या आणि तळ, एवढं लक्षात ठेवलं की गल्लत होत नाही.

काही शब्दांत तर मराठी आणि इंग्रजी दोघींनी मुळात एकच चित्र पाहिलेलं असतं. असे शब्द सापडले की मला खूप आनंद होतो आणि विद्यार्थ्यांना ते आधी शिकवावेत असं वाटतं. ‘इंपीड’ घ्या. लॅटिनमध्ये याचा अर्थ पाय अडकवणं. आपण काय म्हणतो? कामात खोडा घातला. खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकवायचं लाकूडच. याच शब्दाचं उलट भावंड ‘एक्स्पिडाइट’. पाय मोकळे करणं, म्हणजे काम लवकर मार्गी लावणं. सरकारी पत्रव्यवहारात हा शब्द रोज भेटतो. ‘फ्युटाइल’चं मूळ लॅटिनमध्ये गळक्या, सहज सांडून जाणाऱ्या भांड्याशी आहे. तिकडे भांडं गळकं, इकडे घडा पालथा. पाणी दोन्हीकडे वाया जातं. म्हणून ‘फ्युटाइल एफर्ट’ला ‘व्यर्थ प्रयत्न’ असा अर्थ लिहून ठेवू नका, पालथ्या घड्यावर पाणी असं लिहा. ‘डिझास्टर’मध्ये तारा दडलेला आहे, वाईट तारा. आपले ग्रह फिरतात, त्यांचा तारा रुसतो.

यातला सर्वांत मोलाचा शब्द मला ‘ऑर्डील’ वाटतो. मुलाखती, परीक्षा, व्हिसाची रांग, रुग्णालयातले दिवस, अशा सोसाव्या लागलेल्या अनुभवांसाठी तो सर्रास येतो आणि शब्दकोश ‘कठीण प्रसंग’ म्हणून पुढे सरकतो. पण जुन्या इंग्लंडमध्ये ऑर्डील ही न्यायाची पद्धत होती. आरोपीनं तापलेलं लोखंड हातात धरून काही पावलं चालायचं. हात बांधून ठेवायचा. तीन दिवसांनी पट्टी सोडून जखम पाहायची आणि त्यावरून दोषी की निर्दोष ठरवायचं. 1215 मध्ये रोमच्या चर्च परिषदेनं पाद्रींना यात भाग घ्यायला मनाई केली आणि इंग्लंडमधून ही पद्धत उठली. मराठेशाहीच्या कागदपत्रांत हाच प्रकार ‘दिव्य’ या नावानं भेटतो. रवादिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हातानं काढायचा असे. आज आपण सहज म्हणतो, ‘त्या कचेरीतून दाखला मिळवणं म्हणजे एक दिव्यच होतं.’ इंग्रज तेच म्हणतो, ‘इट वॉज ॲन ऑर्डील.’ दोन्हीकडे न्यायाची पद्धत इतिहासजमा झाली आणि शब्द भाजल्याच्या खुणेसारखा राहिला. दिव्य हा जोडीदार कळला की हेही आपोआप कळतं, की बस चुकण्याला ऑर्डील म्हणत नाहीत.

जोसेफ हेलरच्या 1961 सालच्या कादंबरीनं इंग्रजीला ‘कॅच ट्वेंटी-टू’ दिला. अनेक जण त्याचा अर्थ ‘इकडे आड तिकडे विहीर’ असा करतात. तो चुकीचा आहे. आड-विहिरीत दोन वाईट पर्याय असतात, त्याला ‘डायलेमा’ म्हणतात. कॅच ट्वेंटी-टूमध्ये नियमच स्वतःची वाट अडवतो: अनुभव नसेल तर नोकरी नाही आणि नोकरी नसेल तर अनुभव नाही. याला मराठीत म्हण आहेच. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. हेलरची कादंबरी न वाचलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना ही म्हण सांगितली, की दुसरं काही समजावून सांगावं लागत नाही.

अर्थात जोडीदार नीट पारखून घ्यावा लागतो. वरवर जुळणारे शब्द फसवतात. ‘पिरिक व्हिक्टरी’ला पुष्कळदा ‘गड आला पण सिंह गेला’ हे भाषांतर दिलं जातं. एपिरसचा राजा पिऱ्हस यानं इसवी सनपूर्व 280 आणि 279 मध्ये रोमन सैन्याला दोनदा हरवलं. पण त्यात त्याची इतकी माणसं गेली, की विजय मिळूनही मोहीम खचली. म्हणजे पिरिक विजय हा पराभवाइतकाच महाग असतो. जिंकणाऱ्याला तो पेलवत नाही. 4 फेब्रुवारी 1670 रोजी कोंढाणा घेताना तानाजी मालुसरे पडले. ते दुःख अपार होतं, पण गड आला तो स्वराज्याला हवाच होता. त्या विजयानं स्वराज्य खचलं नाही. सिंहगडाला पिरिक म्हणणं चूक ठरेल.

तीच गोष्ट ‘मीट वन्स वॉटर्लू’ची. मराठीत ‘पानिपत झालं’ म्हणतात म्हणून ही जोडी लावून टाकू नका. 18 जून 1815 ला वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियन हरला आणि पुन्हा कधीच उभा राहिला नाही; 1821 मध्ये सेंट हेलेना बेटावर कैदेत वारला. वॉटर्लू म्हणजे जिंकत आलेल्या माणसाचा शेवटचा पराभव. 14 जानेवारी 1761 च्या पानिपतात मराठ्यांची एक पिढी कापली गेली, तरी दहा वर्षांत, 1771 मध्ये, मराठे पुन्हा दिल्लीत होते. पानिपतच्या अर्थाला जवळचा शब्द डिबाकल: नदीवर गोठलेला बर्फ एकदम फुटून सगळं वाहून नेतो, तसा घडलेला अनर्थ. उच्चारताना जोर ‘बा’वर द्या.

कठीण या विशेषणाचंही असंच आहे. ‘व्हेरी डिफिकल्ट’ लिहिण्याआधी कठीणपणा नेमका कुठे आहे ते स्वतःला विचारा. काम सुरू करण्याआधीच दडपण आलं असेल तर ते ‘डॉन्टिंग’. करता करता पिट्टा पडत असेल तर ‘ग्रुएलिंग’. लांबची, चढणीची वाट असेल तर ‘आर्ड्युअस’. त्याचा मूळ अर्थच उभा चढ. कर्जाच्या किंवा कराराच्या अटी जाचक असतील तर ‘ऑनरस’, आणि हा शब्द बँकेची कागदपत्रं वाचताना खरोखर उपयोगी पडतो. वर्षानुवर्षं चिघळलेला, कुठूनच हाताला न लागणारा प्रश्न ‘इंट्रॅक्टेबल’. पाणीवाटपाचा तंटा इंट्रॅक्टेबल असतो, गणिताचा पेपर नव्हे.

शब्द एकमेकांपासून वेगळे करण्याचा सर्वांत चांगला व्यायाम म्हणजे एक खरी घटना घ्यायची आणि तिच्यावर सगळे शब्द घासून पाहायचे. क्रिकेट आपल्या ओळखीचं आहे, म्हणून 19 डिसेंबर 2020 ला संपलेला अ‍ॅडलेड कसोटी सामना घेऊ. भारताचा दुसरा डाव 36 धावांत आटोपला, एकाही फलंदाजाला दोन आकडी धावा करता आल्या नाहीत. फलंदाजी पत्त्यांच्या बंगल्यासारखी ढासळली, ती ‘कोलॅप्स’. ऑस्ट्रेलियानं आठ गडी राखून सामना जिंकला, त्यांच्या बाजूनं पाहिलं तर हा ‘राउट’, म्हणजे धुव्वा. आपल्या बाजूनं डिबाकल. पण फियास्को नव्हे, कारण इथे आयोजनाचा गोंधळ नव्हता, समोरची गोलंदाजी भेदक होती. त्याच डावात मोहम्मद शमीचा हात मोडला आणि मग विराट कोहली मुलीच्या जन्मासाठी मायदेशी परतला. संघाच्या दृष्टीनं हे दोन ‘सेटबॅक्स’. सेटबॅक म्हणजे मागे रेटणारा धक्का. त्यात प्रवास संपत नाही. अजिंक्य रहाणेनं कर्णधार म्हणून मेलबर्नला शतक काढलं आणि सामना जिंकला. ब्रिस्बेनला पोचेपर्यंत जखमींमुळे संघ पार मोडकळीला आला होता, त्याला ‘डिप्लीटेड साइड’ म्हणतात. 19 जानेवारी 2021 रोजी त्याच संघानं 328 धावांचं लक्ष्य तीन गडी राखून गाठलं. या सगळ्या महिन्याला एकच शब्द लावायचा तर तो ‘ॲडव्हर्सिटी’. हा शब्द एका अडचणीसाठी नसतो, लागोपाठच्या प्रतिकूल काळासाठी असतो. तुम्ही ‘आय फेस्ड ॲन ॲडव्हर्सिटी यस्टर्डे’ लिहिलंत तर वाचणारा थबकेल.

नोकरीत मात्र शब्दांपेक्षाही दोष कुणाकडे जातो हे पाहावं लागतं. ‘ही फेल्ड टु सेंड द रिपोर्ट’ या वाक्यात ठपका आहे. ‘ही वॉज अनेबल टु सेंड’ यात नाही. आपण मराठीत ‘पाठवायचं राहून गेलं’ असं सहज म्हणतो आणि कुणावर बोट ठेवत नाही. त्याला इंग्रजीत ‘इट वॉज ॲन ओव्हरसाइट’ हा सभ्य मार्ग आहे. ओव्हरसाइट म्हणजे अक्षरशः नजरचूक. एवढंच, की याच शब्दाचा दुसरा अर्थ देखरेख असा आहे, तेव्हा आजूबाजूचं वाक्य पाहून घ्या. आणि ‘विदाउट फेल’चा अपयशाशी काहीच संबंध नाही, तो आपला ‘न चुकता’. मुलाखतीत ‘तुमचं एखादं अपयश सांगा’ असं विचारलं, तर ‘आय फेल्ड’ म्हणून थांबू नका. ‘आय मिसजज्ड द टाइम इट वुड टेक’ म्हणा, म्हणजे वेळेचा अंदाज चुकला. अशा वाक्यात प्रामाणिकपणाही राहतो आणि नेमकं काय चुकलं हेही कळतं.

आपल्याकडचं काही इंग्रजी परदेशात समजत नाही, हेही ध्यानात घ्या. ‘आय गॉट फेल्ड’ हे ‘नापास झालो’चं शब्दशः रूप आहे, ‘आय फेल्ड द एग्झॅम’ पुरेसं आहे. एटीकेटी लागली हे परदेशातल्या विद्यापीठाला कळणार नाही. तिथे ‘आय हॅड टु रीटेक टू पेपर्स’ लिहा. बॅकलॉग म्हणजे त्यांच्या लेखी साठलेलं काम. ‘डिफिकल्टी टु अंडरस्टँड’ नव्हे, ‘डिफिकल्टी अंडरस्टँडिंग’.

आता शब्द टिकवायचे कसे? हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्यानं विसरलं जातं आणि ठरावीक अंतरानं उजळणी केली तर टिकतं. सेबास्टियान लाइटनर यानं 1972 च्या आपल्या पुस्तकात त्यावर साधी युक्ती दिली: बुटांच्या खोक्याएवढा डबा, त्यात कप्पे. शब्दाचं कार्ड पहिल्या कप्प्यात. आठवलं तर पुढच्या कप्प्यात सरकवायचं, विसरलं तर पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज पाहायचा, पुढचे हळूहळू लांबच्या अंतरानं. हेच काम मोबाइलवरची ॲप करतात, पण हातानं लिहिलेलं कार्ड मला अजूनही सरस वाटतं. कार्डाच्या एका बाजूला मराठी क्रियापद आणि तुमच्या आयुष्यातलं वाक्य लिहा: ‘दादाच्या फ्लॅटचा व्यवहार फिसकटला.’ दुसऱ्या बाजूला इंग्रजी शब्द आणि त्याच्यासोबत येणारे शब्द लिहा. हे सोबती विसरू नका. सेटबॅक ‘सफर’ करतात, स्नॅग ‘हिट’ करतात, फेल्युअर ‘डिस्मल’ किंवा ‘ॲब्जेक्ट’ असतं. असे सोबती देणारा ऑक्सफर्डचा स्वतंत्र कोश मिळतो. गंभीर अभ्यासकानं तो जवळ ठेवावा.

आठवड्याला पाच शब्द पुरेत. यादीतले तीन हजार शब्द घोकण्याचा काळ गेला आहे. 2011 मध्ये जीआरई परीक्षेनं विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न काढून टाकले, तेव्हापासून शब्द वाक्यात बसतो का हेच पाहिलं जातं. आयईएलटीएसच्या लेखनात आणि संभाषणात शब्दसंपदेला एक चतुर्थांश गुण असतात, आणि जड शब्द चुकीच्या जागी पडला तर तिथे फायद्याऐवजी तोटा होतो. माझ्या वर्गात सर्वाधिक गुण मिळवणारी मुलं मोजकेच शब्द वापरत, पण अचूक वापरत.

ती सॉफ्टवेअरमधली मुलगी आता तिच्या गटाचे सगळे ईमेल पाठवण्याआधी वाचून देते. तिच्या डब्यातलं पहिलं कार्ड माशी शिंकल्याचं आहे. तुम्हीही आज रात्री एक कोरं कार्ड घ्या, या महिन्यात फसलेली एक गोष्ट घरच्या मराठीत एका वाक्यात लिहा आणि त्या वाक्यातल्या क्रियापदाचा इंग्रजी जोडीदार उद्या सकाळी शोधा.